रोमची यात्रा : मराठवाड्यातील भाविकांसाठी नियोजनाची माहिती

प्रेषित संत पेत्र व संत पौल ह्यांच्या समाधींचे दर्शन घ्यावे आणि एकदा तरी पोप महोदयांचा आशीर्वाद समक्ष लाभावा, ही इच्छा आपल्या धर्मग्रामांतील कित्येक श्रद्धावंतांच्या मनात वर्षानुवर्षे असते. परंतु रोमविषयी जी मार्गदर्शक पुस्तके मिळतात ती मोठ्या शहरांतील नोकरदार वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. त्यांत सातबारा उतारा नसतो, कापसाची वेचणी नसते आणि व्हिसाच्या एका बोटठशासाठी मुंबई गाठावी लागणाऱ्या माणसाचा विचारही नसतो. म्हणून हा लेख जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावाहून निघणाऱ्या यात्रेकरूला समोर ठेवून लिहिला आहे. (२०२३ मधील मराठा आरक्षण आंदोलनामुळे ह्या गावाचे नाव आता साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे.)

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. रोमयात्रा ख्रिस्तसभेने कोणावरही बंधनकारक केलेली नाही. २०२५ च्या ज्युबिली वर्षातही पापांच्या दंडातून सूट मिळवण्याची सोय रोमप्रमाणेच प्रत्येक धर्मप्रांतात नेमून दिलेल्या चर्चमध्ये होती. तेव्हा ह्या यात्रेसाठी शेत गहाण टाकणे किंवा पिकावर कर्ज काढणे हे भक्तीचे लक्षण मानू नये. ज्यांनी दोन-तीन वर्षे थोडे थोडे बाजूला टाकून पैसा साठवला आहे, त्यांचा तो पैसा अयोग्य ठिकाणी जाऊ नये, एवढ्यासाठी पुढील तपशील आहे.

आमचे मत असे, की युरोपात प्रथमच जाणाऱ्या यात्रेकरूने नऊ दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या सहलीच्या मोहात पडू नये. अशा सहलीत रोमच्या वाट्याला दीड दिवस येतो आणि त्यातला अर्धा बसमध्ये जातो. एकच शहर, पूर्ण सहा दिवस, आणि तयारी मात्र वर्षभर आधीपासून, हे गणित खिशाला व गुडघ्यांना दोहोंना मानवते.

कागदपत्रे

व्हिसा नाकारला गेला तर त्याचे शुल्क परत मिळत नाही. म्हणून सर्वाधिक काळजी येथे घ्यावी.

पहिला अडथळा पासपोर्टाचा नसून नावाचा असतो. आपल्याकडे अनेकांचे स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील नाव एक, शाळेच्या दाखल्यावरील दुसरे आणि आधार कार्डावरील तिसरे, अशी स्थिती आढळते. कोठे ‘जोसेफ’ तर कोठे ‘योसेफ’. कोठे वडिलांचे नाव मधे, तर कोठे ते गाळलेले. विवाहानंतर बदललेले आडनाव बँकेच्या पुस्तकात चढलेलेच नसते. पासपोर्टसाठी अर्ज करण्यापूर्वी आधार, पॅन, बँक व शाळेचा दाखला ह्यांवरील नाव अक्षरशः सारखे करून घ्यावे. गरज पडल्यास नावबदल शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करावा. ह्या एका कामाला काही महिने लागू शकतात. चर्चचा स्नानसंस्काराचा दाखला पासपोर्टासाठी पुरेसा नसतो. तो सोबत असावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

रोम इटलीत असल्याने व्हिसा इटलीचा, म्हणजे २९ देशांना लागू असलेला शेंगेन व्हिसा लागतो. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईतील इटालियन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात आणि बोटांचे ठसे देण्यासाठी अर्जदाराला स्वतः जावे लागते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो दाखल झालेला असावा लागतो. निर्णय साधारणतः पंधरा दिवसांत होतो, परंतु अधिक चौकशी निघाल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. म्हणून अडीच-तीन महिने हाताशी ठेवूनच अर्ज करावा. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी निम्मे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्ट मागील दहा वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. व्हिसा अधिकारी दोन गोष्टी पाहतात : प्रवासाचा खर्च पेलण्याची ऐपत आहे का, आणि हा मनुष्य परत येईल का. नोकरदार पगारपत्रक व रजेचे पत्र जोडतो. शेती उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्याकडील अनेकांनी प्राप्तिकराचे विवरणपत्र कधीच भरलेले नसते. अशांनी ते भरण्यास किमान एक वर्ष आधी सुरुवात करावी. कर शून्य असला तरी विवरणपत्र भरता येते. सातबारा व आठ-अ उतारे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीत माल विकल्याच्या पावत्या, हे सारे इंग्रजी भाषांतरासह जोडावे. बँक खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरणे संशयास्पद ठरते. त्यापेक्षा मोसंबीचे वा कापसाचे पैसे ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात खात्यात जमा झालेले दिसणे शतपटीने चांगले. आपल्या प्रमुख धर्मगुरूंचे पत्र जोडण्यास हरकत नाही. त्याने प्रवासाचा हेतू स्पष्ट होतो, मात्र ते ऐपतीच्या पुराव्याची जागा घेत नाही.

‘व्हिसाची हमी’ देणाऱ्या एजंटापासून दूर राहावे. ही हमी जगात कोणीही देऊ शकत नाही. व्हिसा हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट शक्यतो रद्द करता येण्याजोगे असावे आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पक्की पावती घ्यावी. परदेशी सहलीचे पॅकेज घेतल्यास कंपनी त्यावर टीसीएस नावाची कराची रक्कम वसूल करते. ती खर्चात धरून विसरून जाऊ नये. विवरणपत्र भरल्यास ती करात वळती होते अथवा परत मिळते. दहा-पंधरा जणांच्या बचतगटाने मिळून नियोजन केल्यास पॅकेजची गरज बहुधा भासत नाही. २०२५ मध्ये युरो शंभर रुपयांपलीकडे गेला, तेव्हा जुन्या पत्रकांतील रुपयांचे आकडे ग्राह्य धरू नयेत.

केव्हा जावे

जुलै-ऑगस्टमध्ये रोममध्ये कडक ऊन असते आणि आपल्याकडेही शेतीची कामे सुरू असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचे हवामान उत्तम, पण तेव्हा सोयाबीन काढणी व कापसाची पहिली वेचणी. प्रेषित पेत्र व पौल ह्यांचा सण २९ जूनला येतो आणि त्या दिवशी रोम शहराला सुट्टी असते. मात्र पेरणी टाकून कोण जाणार? ह्यामुळे आपल्या शेतकरी कुटुंबांना दोनच हंगाम खऱ्या अर्थाने मोकळे राहतात : फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च, आणि ईस्टरनंतरचा एप्रिल-मे. दुसऱ्यात मुलांच्या शाळेलाही सुट्टी मिळते, पण गर्दी व दर दोन्ही वाढलेले असतात.

पहिल्या हंगामाची शिफारस आम्ही आवर्जून करतो, कारण तो प्रायश्चित्तकाळ असतो. ह्या काळात रोममध्ये दररोज एका नेमलेल्या प्राचीन चर्चमध्ये एकत्र जमण्याची परंपरा फार जुनी आहे. राखेच्या बुधवारी संत सबीना चर्चपासून ह्या क्रमाला प्रारंभ होतो. तेथील अमेरिकन धर्मगुरुविद्यालयाच्या वतीने ह्या चर्चमध्ये सकाळी सात वाजता इंग्रजीतून मिस्सा होतो. त्यासाठी तिकीट लागत नाही, रांगही लागत नाही. थंडीसाठी मात्र स्वेटर पुरत नाही; जाड कोट हवा.

ज्युबिली वर्षाची गर्दी आता ओसरली आहे. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी उघडलेले संत पेत्र महामंदिराचे पवित्र द्वार ६ जानेवारी २०२६ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी बंद केले. त्या काळात तीन कोटींहून अधिक यात्रेकरू रोमला आले. ह्यापुढे जाणाऱ्यांना ते द्वार बंद दिसेल. त्याने यात्रेत काही उणे येत नाही.

प्रवास व मुक्काम

अंतरवाली सराटीहून वडीगोद्रीला आले की धुळे-सोलापूर महामार्ग लागतो. तेथून पाचोडमार्गे छत्रपती संभाजीनगर अथवा अंबडमार्गे जालना गाठता येते. दोन्ही ठिकाणांहून देवगिरी एक्सप्रेसने रात्रीतून मुंबईला पोहोचता येते. विमानाच्या दिवशीच सकाळी मुंबईत उतरण्याचे धाडस करू नये. एक दिवस आधी जावे. मुंबईहून बहुतेक यात्रेकरू आखातात वा युरोपात कोठेतरी विमान बदलून रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरतात. तेथे १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या पद्धतीनुसार बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते. शहरातील मुख्य स्थानक तेर्मिनी येथे जाणारी थेट गाडी ३२ मिनिटांत पोहोचवते. तिचे भाडे १४ युरो आहे. थांबत जाणाऱ्या बस त्याहून बऱ्याच स्वस्त पडतात.

मुक्कामासाठी हॉटेलपेक्षा धर्मभगिनींच्या वा धर्मसंघांच्या यात्रेकरू निवासांचा विचार आधी करावा. इटालियन भाषेत त्यांना ‘कासा पेर फेरिए’ म्हणतात. खोली साधी, स्वच्छ. सकाळची न्याहारी बहुधा भाड्यातच. पुष्कळ ठिकाणी आत प्रार्थनामंदिरही असते. रात्री ठरावीक वेळेला, बहुधा अकराच्या सुमारास, दार बंद होते आणि आपल्या मंडळींना त्याचा त्रास होण्याचे कारण नाही. नोंदणी करताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : लिफ्ट आहे का, आणि शहराचा पर्यटन कर माणशी दररात्री किती. हा कर खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त तेथेच भरावा लागतो आणि सहा रात्रींचा हिशेब केल्यास दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. आपल्या धर्मप्रांतातील वा शेजारच्या धर्मप्रांतांतील एखादे फादर किंवा सिस्टर रोममध्ये शिक्षण घेत असतील, तर जाण्यापूर्वी त्यांना पत्र लिहावे. जानिकुलुम टेकडीवरील धर्मगुरुविद्यालयांत भारतीय विद्यार्थी नेहमी असतात आणि त्यांच्या एका सल्ल्याने दिवस वाचतो.

काय विनामूल्य आहे

आपल्या लोकांची फसवणूक सर्वाधिक येथे होते. संत पेत्र महामंदिरात प्रवेश विनामूल्य आहे. बुधवारच्या पोप महोदयांच्या सार्वजनिक भेटीची तिकिटे विनामूल्य आहेत. ती पोपच्या निवासव्यवस्थेचे कार्यालय देते. धर्मग्रामाच्या गटाने फादरांमार्फत आधी विनंती पाठवावी. रविवारी दुपारी बारा वाजता पोप महोदय चौकात जमलेल्यांसोबत देवदूताची प्रार्थना म्हणून आशीर्वाद देतात, तेथे तिकिटाचा प्रश्नच नाही. संत योहान लातेरान, संत मरिया माज्जोरे व संत पौल ही उर्वरित तीन महामंदिरेही सर्वांना खुली आहेत. चौकाबाहेर ‘रांग चुकवून आत नेतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात. सुरक्षा तपासणी कोणालाही चुकत नाही. सकाळी सातला महामंदिर उघडते. तेव्हा जाणे हाच रांग चुकवण्याचा खरा उपाय.

पैसे लागतात ते व्हॅटिकन संग्रहालयांना, ज्यांत सिस्टाइन चॅपल आहे. २०२५ मध्ये हे तिकीट २० युरो, आणि वेळ आधी राखून ठेवल्यास आणखी ५ युरो होते. ते केवळ संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रवेश विनामूल्य असतो, परंतु त्या दिवशीची गर्दी पाहता वृद्धांनी त्या मोहात पडू नये. महामंदिराच्या घुमटावर जाण्यासही तिकीट आहे. पायऱ्या एकूण ५५१, आणि लिफ्ट घेतली तरी ३२० चढाव्याच लागतात. पोपचा आशीर्वाद लिहिलेले चर्मपत्र दुकानातून घेऊ नये. २०१५ पासून ते केवळ पोपच्या दानधर्म कार्यालयातर्फे दिले जाते आणि त्याचे पैसे गरिबांच्या मदतीला जातात.

पोशाखाचा नियम असा, की खांदे व गुडघे झाकलेले असावेत. साडी व सलवार-कुर्ता ह्यांना तेथे कधीच अडचण येत नाही. अडवले जातात ते अर्ध्या विजारीतले तरुण.

सहा दिवस

पहिल्या दिवशी विमानाचा शीण असतो, म्हणून तेर्मिनीपासून चालत जाण्याजोगे संत मरिया माज्जोरे महामंदिर पुरे. धन्य कुमारी मरियेची जी प्राचीन प्रतिमा रोमकर आपली तारणकर्ती मानतात ती येथे आहे. प्रत्येक परदेशवारीच्या आधी व नंतर त्या प्रतिमेपुढे प्रार्थना करणारे पोप फ्रान्सिस २६ एप्रिल २०२५ रोजी येथेच विसावले. साध्या दगडी कबरीवर त्यांचे लॅटिन नाव, एवढाच मजकूर आहे.

दुसरा दिवस संत योहान लातेरानचा. रोमच्या बिशपांचे, म्हणजे पोप महोदयांचे प्रधानमंदिर हे आहे, संत पेत्र नव्हे. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. समोरच पवित्र जिना आहे. त्याच्या २८ पायऱ्या गुडघ्यांवरच चढायच्या असतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी बाजूला साधे जिने आहेत. तिसरा दिवस बुधवार येईल अशी आखणी करावी : सकाळी पोप महोदयांची भेट, दुपारनंतर महामंदिर व संत पेत्रांची समाधी. नवविवाहित दांपत्यांसाठी ह्या भेटीत वेगळी जागा असते. त्यांनी चर्चचा विवाहदाखला सोबत न्यावा. जुलैत मात्र बुधवारच्या भेटी बहुधा होत नाहीत.

चौथा दिवस आम्ही मराठी भाविकांसाठी राखून ठेवू, कारण तो कोणत्याही सहलीच्या पत्रकात नसतो. सकाळी जेजू चर्चमध्ये जावे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस ह्यांची समाधी येथे आहे आणि तिच्यासमोरील वेदीवर संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या उजव्या हाताचा अवशेष आहे. जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात झालेल्या शवदर्शनाला आपल्याकडील जे गेले होते, त्यांनी पाहिलेल्या देहाचाच हा हात. १६१४ मध्ये तो गोव्याहून रोमला नेण्यात आला. ज्या हाताने भारताच्या किनाऱ्यावर हजारोंना स्नानसंस्कार दिला तो येथे, आणि देह तेथे.

तेथून क्विरिनाल टेकडीवरील संत आंद्रेया चर्च जवळ आहे. आजची देखणी वास्तू बेर्निनी ह्या शिल्पकाराने सतराव्या शतकात उभारली. तिच्या आधी ह्याच जागी येशूसंघाचे नवदीक्षितांचे घर होते. १५७५ मध्ये एक इंग्रज तरुण तेथे दाखल झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी तो लिस्बनहून जहाजात बसला, २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला आणि पुढे चाळीस वर्षे तेथील लोकांत राहून मराठी शिकला. तेच ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. सुमारे अकरा हजार ओव्यांचा त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा एक धागा ह्या टेकडीवर येऊन पोहोचतो. तेथे मराठीत एक प्रार्थना म्हणावी, एवढे सुचवावेसे वाटते. आणि संत पेत्र महामंदिरात असताना वसईच्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे स्मरण ठेवावे. नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हुतात्मा झालेल्या ह्या आपल्या माणसाला पोप पायस नववे ह्यांनी ८ जून १८६२ रोजी रोममध्ये संतपद जाहीर केले.

पाचव्या दिवशी भुयारी मेट्रोने संत पौल महामंदिर. १८२३ च्या आगीत ते जवळजवळ नष्ट झाले होते. १८५४ मध्ये पुन्हा अर्पण करण्यात आले. भिंतींवर संत पेत्रांपासून आजवरच्या सर्व पोपांची वर्तुळाकार चित्रे आहेत. दुपारी आद्य ख्रिस्ती लोकांच्या भूमिगत दफनभूमी पाहाव्यात. संत कालिस्तसची दफनभूमी बुधवारी बंद असते. आत हवा गार, वाटा अरुंद आणि उतार बराच. दम्याचे रुग्ण व कोंडल्या जागेची भीती असणारे ह्यांनी वर थांबलेले बरे. सहावा दिवस संग्रहालयांचा, किंवा ज्यांना चित्रकलेची ओढ नाही त्यांनी रेल्वेने असिसीला जाऊन यावे. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या समाधीबरोबरच ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद जाहीर झालेल्या कार्लो अकुतिस ह्या तरुणाचीही समाधी तेथे आहे.

बारीकसारीक, पण आवश्यक

रोमचे रस्ते काळ्या दगडी गोट्यांचे आहेत आणि दिवसाकाठी दहा किलोमीटर चालणे सहज होते. नवे बूट विमानात प्रथमच घालू नयेत. दोन महिने आधीपासून शेतवाटेने रोज चालण्याचा सराव ठेवावा. पिण्याच्या पाण्याचे दोन हजारांहून अधिक सार्वजनिक नळ शहरात अखंड वाहतात. बाटली सोबत असली की पाण्याला पैसा पडत नाही. खाद्यपदार्थांत शेंगदाण्याची चटणी व चिवडा चालतो. पेढे, खवा, तूप व मांसाचे पदार्थ युरोपात नेण्यास मनाई आहे, आणि जालन्याची मोसंबी कितीही गोड असली तरी तीही विमानतळावर काढून घेतली जाईल. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असावीत.

तेर्मिनी स्थानक, मेट्रो व व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस ही खिसेकापूंची जुनी ठिकाणे आहेत. पासपोर्ट निवासात कुलपात ठेवून त्याची प्रत जवळ बाळगावी. तो हरवलाच, तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय दूतावास. दूतावास रोममध्येच, तेर्मिनीपासून फार दूर नसलेल्या व्हिया व्हेंती सेत्तेम्ब्रे ह्या रस्त्यावर आहे. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२.

गावाकडे वाटण्यासाठी जपमाळा, पदके घ्यायची असतील तर ती बुधवारच्या आधीच खरेदी करावीत व भेटीच्या वेळी पिशवीत सोबत ठेवावीत. शेवटी पोप महोदय जो आशीर्वाद देतात तो जमलेल्यांनी आणलेल्या भक्तीच्या वस्तूंनाही असतो. शेवटच्या दिवशी विमानतळावर घेतलेल्या जपमाळांना ही संधी मिळत नाही, आणि त्या महागही पडतात.